गोटा केल्याने केस दाट आणि सरळ येत नाहीत

रामकुंडाजवळ किंवा सप्तशृंगी गडावर बाळाचं जावळ काढणं ही श्रद्धेची गोष्ट. तिच्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण नाशिकच्या कितीतरी घरांत पुढेही कुरळ्या केसांच्या मुलांचा उन्हाळ्यात गोटा करतात, "नवे केस दाट, सरळ येतील" म्हणून. तसं होत नाही.

केस वाढतो त्वचेखालच्या मुळातून. वस्तरा फिरतो वर, जिथे केसात जीवच नसतो. डोक्यावरची सुमारे १ लाख मुळं जन्माआधीच तयार झालेली असतात, आणि केस कुरळा की सरळ हे मुळाच्या आकारावर, म्हणजे घराण्याच्या वारशावर ठरतं. वस्तऱ्याने केस जाड होत नाहीत, हे अमेरिकेतल्या शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच दाढीच्या केसांवर तपासून दाखवलं होतं.

मग दाट का वाटतात? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेलं बोथट, म्हणून हाताला राठ लागतं. शिवाय बाळाचे मऊ केस पहिल्या काही महिन्यांत आपसूक गळतात, जागी जाड येतात. श्रेय वस्तऱ्याला मिळतं.

मला खरी काळजी वाटते ती "झिपरी" या हाकेची. चार वर्षांच्या मुलीला ती नीट कळते. त्याऐवजी "तुझे केस अगदी आजीसारखे" म्हणा, आजीचा जुना फोटो दाखवा. कुरळे केस कोरडे विंचरले की पिंजारतात. ओले असताना थोडं खोबरेल लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर गुंता सोडवा. दुखतंही कमी.