एंडोमेट्रिओसिस आणि ऊतक विरघळवणारी विकरे : पार्श्वभूमी

येऊरच्या डबक्यांत पावसाळ्यात बेडूकमाशांच्या शेपट्या दिवसागणिक आखूड होत जातात. शेपूट गळून पडत नाही, तर जागच्या जागी विरघळते, आणि हे काम करणारे विकर (एन्झाइम) १९६२ मध्ये प्रथम ओळखले गेले. ठाण्यातल्या एखाद्या मुलीच्या सोनोग्राफी अहवालावर ‘चॉकलेट सिस्ट’ (बीजकोशातली जुन्या रक्ताची गाठ) असे ज्या आजारामुळे लिहिले जाते, त्या एंडोमेट्रिओसिसशी, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याशी, या शेपटीचा धागा जुळायला त्यानंतर तीसेक वर्षे जावी लागली.

पाळीचे रक्त ट्यूबमधून (गर्भनलिकेतून) उलटे पोटात जाते आणि त्यातले गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे तिथेच रुजतात, हे मत १९२० च्या दशकातले. पुढे १९८४ मध्ये असे दिसले की, ट्यूब मोकळ्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांच्या पोटात पाळीच्या दिवसांत रक्त सापडते; आजार मात्र साधारण दहांतल्या एकीला होतो. बाकीच्या का सुटतात, या प्रश्नाने संशोधकांना ऊतक विरघळवणाऱ्या विकरांकडे वळवले.

इथे नावांच्या गुंत्याने बराच घोळ घातला. एकच विकर एका प्रयोगशाळेत ‘७२ किलोडाल्टन जिलेटिनेज’, दुसरीत ‘जिलेटिनेज ए’, तर तिसरीत ‘प्रकार चार कोलॅजिनेज’ म्हणून नोंदले जाई. आज त्याला एमएमपी-२ म्हणतात; एमएमपी म्हणजे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, ऊतक विरघळवणाऱ्या याच विकरांचे कुटुंब. एमएमपी-३ चे उंदरातले रूप ‘ट्रान्सिन’ या निराळ्याच नावाने छापले गेले होते. पुढे क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली, पण तीत ४, ५ आणि ६ हे क्रमांक रिकामेच राहिले, कारण ती विकरे आधीच मोजलेली निघाली. जुने निबंध वाचताना हे ध्यानात न ठेवल्यास एकच निष्कर्ष तीनदा सिद्ध झाल्याचा भास होतो. मराठीत पाठ्यपुस्तक ‘विकर’ म्हणते आणि दवाखाना ‘एन्झाइम’, ही आणखी एक भर.

गर्भाशयाचे अस्तर दर महिन्याला याच विकरांमुळे सुटते आणि पाळीपूर्वीच्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक त्यांना आवरून धरते, त्यामुळे त्यांना सरसकट खलनायक ठरवणे मला पटत नाही. १९९७ मध्ये प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या उंदरांत मानवी अस्तराचे तुकडे सोडण्यात आले. इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढवलेले तुकडे रुजले. प्रोजेस्टेरॉनने किंवा विकरांच्या नैसर्गिक अवरोधकाने दाबलेल्या तुकड्यांत ही रुजवण बरीचशी रोखली गेली. आजार असलेल्या स्त्रियांचे अस्तर प्रोजेस्टेरॉनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, हे त्यानंतर वारंवार आढळले.

विकरे रोखणारी औषधे कर्करोगाच्या चाचण्यांत उतरली तेव्हा रुग्णांचे सांधे दुखून आखडू लागले आणि अपेक्षित गुणही आला नाही. एंडोमेट्रिओसिससाठी तो मार्ग त्यामुळे मागेच पडला. वाद आहे तो कारण कोणते आणि परिणाम कोणता याचा. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींत ही विकरे वाढलेली दिसतात, पण त्या गाठी कित्येकदा वर्षानुवर्षांच्या असतात आणि तिथली सूजही विकरे वाढवते. तुकडा पोटाच्या आवरणाला प्रथम चिकटतो तो क्षण उंदरांत पाहता येतो. मात्र १९९७ च्या त्या प्रयोगात तुकडे बायोप्सीतून घेतलेले होते, पाळीच्या रक्तातले नव्हते.