जाहिरात दाखवली नसती, तर?

जाहिरात पाहिलेल्यांपैकी किती जणांनी वस्तू घेतली, हा आकडा आज कंपन्यांना बसल्या जागी मिळतो. त्यांतले किती जण जाहिरात न पाहताही ती घेणारच होते, हे मात्र कुठल्याच अहवालात दिसत नाही. जाहिरातीचा खरा परिणाम म्हणजे या दोन आकड्यांमधला फरक. तो मोजण्याची धडपड हे ग्राहकवर्तनावरचं सर्वांत मोलाचं संशोधन आहे, असं मला वाटतं. विपणनाच्या कित्येक ठाम समजुती त्यानेच हलवल्या.

2012 मध्ये ‘ईबे’ या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या अमेरिकी कंपनीने एक धाडसी प्रयोग केला. लोक सर्च इंजिनवर ‘ईबे’ हाच शब्द टाकत, तेव्हा निकालांच्या वर कंपनीची जाहिरात झळके, आणि प्रत्येक क्लिकमागे कंपनीला पैसे मोजावे लागत. या जाहिराती याहू आणि एमएसएनवर बंद करण्यात आल्या. तुलनेसाठी गूगलवर चालू राहिल्या. जाहिरात गेल्यावर त्या क्लिकपैकी 99.5 टक्के खालच्या फुकटच्या दुव्यावरून परत आले! साहजिकच आहे. ज्याने नाव लिहून शोध घेतला, तो तिथेच निघाला होता.

मग थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी पुढचा प्रश्न घेतला. कंपनीचं नाव न घेता नुसती वस्तू शोधणाऱ्यांचं काय? अमेरिकेतले काही भाग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून तिथे याही जाहिराती थांबवल्या. विक्रीत जेमतेम फरक पडला. हिशेब मांडल्यावर या खर्चावरचा परतावा सरासरी उणे 63 टक्के निघाला. प्रयोग न करता, नुसती खर्चाची आणि विक्रीची आकडेवारी शेजारी ठेवली असती, तर हाच परतावा हजारो टक्के दिसला असता.

एवढी तफावत कशी? लोकांना खरेदी करायची असते तेव्हा ते जास्त शोध घेतात. शोध वाढले की जाहिरातींवरचे क्लिक वाढतात, म्हणून खर्च वाढतो; आणि विक्रीही वाढते, कारण मागणी आधीच वाढलेली असते. रस्त्यावर छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस आला, असं म्हणण्यासारखं ते आहे.

पण ‘जाहिरात निरुपयोगी’ एवढाच निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. त्याच प्रयोगात नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर जाहिरातीचा परिणाम स्पष्ट दिसला. नेहमीच्या गिऱ्हाइकांवर तो नव्हता, आणि खर्चाचा मोठा वाटा त्यांच्यावरच होत होता. धोरण ठरवणाऱ्यासाठी कामाची गोष्ट ही आहे. विपणन-संशोधक अँड्र्यू एरेनबर्ग यांनी खरेदीच्या नोंदींचा दीर्घकाळ अभ्यास करून दाखवलं होतं, की बहुतेक ब्रँडचे बरेचसे ग्राहक त्यांची वस्तू अधूनमधूनच घेतात. ज्यांना आपली आठवण राहत नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचणं म्हणूनच महत्त्वाचं ठरतं.

चूक उलट दिशेनेही होते. 2007 मध्ये याहूवर एका मोठ्या किरकोळ विक्रेत्याची जाहिरात सुमारे 16 लाख ग्राहकांवर तपासली गेली. रँडल लुइस आणि डेव्हिड रायली या अर्थशास्त्रज्ञांनी काही ग्राहकांना मुद्दाम जाहिरातीपासून दूर ठेवलं होतं. जाहिरात पाहिलेले आणि न पाहिलेले यांची थेट तुलना केली, तर जाहिरातीने विक्री घटवली असंच वाटलं असतं, कारण नेटवर जास्त वावरणारे लोक त्या विक्रेत्याकडे मुळातच कमी खरेदी करत. प्रयोगाने दाखवलं, की विक्री प्रत्यक्षात वाढली होती. वाढलेल्या विक्रीतली 93 टक्के प्रत्यक्ष दुकानांत झाली, आणि 78 टक्के वाढ जाहिरातीवर कधीच क्लिक न केलेल्यांकडून आली. क्लिक मोजून जाहिरातीचा बरे-वाईटपणा ठरवणाऱ्यांनी हे आकडे जवळ ठेवावेत.

मग सगळेच प्रयोग का करत नाहीत? ते अवघड असतात. लुइस आणि जस्टिन राव यांनी 25 मोठे प्रयोग तपासले. त्यांतल्या जाहिरातींवर 28 लाख डॉलर खर्च झाले होते, तरी परताव्याचा नेमका अंदाज बांधता येईना. बहुतेक लोक एखाद्या आठवड्यात काहीच घेत नाहीत, थोडेच भरपूर घेतात, आणि त्या चढउतारांत जाहिरातीने पडलेला बारीकसा फरक बुडून जातो. माणशी खर्च इतका थोडा असतो, की नफ्यासाठी तेवढा बारीक फरकही पुरतो. तो पकडायला लाखो माणसं लागतात. जुन्या माध्यमांचीही झाडाझडती झाली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 288 ब्रँडच्या अभ्यासात, टीव्हीवर आणखी थोडी जाहिरात करणं 80 टक्क्यांहून अधिक ब्रँडना तोट्याचं आढळलं.

शिवाय मोजणाऱ्यांच्या हिताचा प्रश्न आहे. जाहिरात विकणारी संस्था आणि ती करणारा विभाग, दोघांनाही मोठा आकडा सोयीचा असतो. त्यामुळे काही ग्राहकांना मुद्दाम जाहिरात न दाखवण्याचा निर्णय वरूनच घ्यावा लागतो, आणि त्या काळात विक्री बुडण्याची भीतीही सोसावी लागते. एकदा मिळालेलं उत्तर कायम टिकत नाही, दुसऱ्याला जसंच्या तसं लागूही पडत नाही. ज्या कंपनीचं नाव घरोघरी पोहोचलंय, तिची जाहिरात बंद झाली तरी लोक तिला शोधून काढतात. काल सुरू झालेल्या कंपनीला तो भरवसा नाही. तिला स्वतःचाच प्रयोग करावा लागेल.