पहारेकरी थेट का पाहत नाही?

गेल्या जूनमध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात पावसाने वीज घालवली, तेव्हा शेजारच्या निवृत्त हवालदारांसोबत मी पडवीत बसलो होतो. कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, टोकाला, विहिरीपाशी, काहीतरी फिकट दिसले. मी डोळे ताणून रोखून पाहिले आणि ते नाहीसे झाले. "थेट बघू नका, मूठभर बाजूला बघा," हवालदार म्हणाले. नजर सरकवताच ती फिकट आकृती पुन्हा उमटली.

मुठीचे हे माप थट्टेतले नव्हे. हात लांब करून धरलेली मूठ दृष्टीचा सुमारे 10 अंशांचा पट्टा झाकते, आणि रात्री पहाऱ्यावर बसणाऱ्या पायदळाच्या जवानाला संशयित वस्तूच्या जवळपास तेवढेच बाजूला पाहायला शिकवतात. आपल्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या सुमारे 12 कोटी दंडाकार आणि 60 लाख शंक्वाकार पेशी असतात. रोखून पाहताना प्रतिमा पीतबिंदूच्या ज्या मध्यभागी पडते, तिथे दंडाकार पेशी मुळीच नसतात. आणि काळोखात तर त्याच तेवढ्या कामाच्या.

या पेशींतले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य मोठे विलक्षण आहे. अ जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनल नावाचा वाकडा रेणू ऑप्सिन या प्रथिनात बसलेला असतो. प्रकाशाचा एक कण शोषला गेला तरी तो सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो, आणि पुढच्या साखळी अभिक्रियेत पेशीपटलातील आयनांची दारे मिटतात. म्हणजे या पेशीत विद्युतप्रवाह चालू असतो तो अंधारात, आणि मंदावतो तो उजेडात. हे मंदावणे हाच मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाचा आरंभ. सरळ झालेला रेटिनल मग सुटतो आणि त्याला पुन्हा वाकवून बसवण्याचे काम इतके सावकाश चालते की साठा पूर्ववत भरायला 30 ते 40 मिनिटे लागतात.

गस्तीचे पुष्कळ नियम या साठ्याच्या राखणीसाठी आहेत. तुकडी निघण्यापूर्वी अर्धा तास अंधारात थांबते. नकाशा मंद तांबड्या उजेडात पाहतात, कारण ऱ्होडॉप्सिन 500 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वाधिक शोषते आणि गडद तांबडा जवळजवळ सोडून देते. आकाशात प्रकाशगोळा फुटला की जवान एक डोळा मिटतो, कारण प्रत्येक डोळ्याचा साठा स्वतंत्र असतो. गाजरे खाऊन रात्री घारीसारखे दिसते, ही मात्र दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी रडार झाकण्यासाठी फुगवलेली कथा. अ जीवनसत्त्वाची कमतरता नसेल, तर जास्तीचा उपयोग नाही.

आपल्याकडे शिवेवर चूड घेऊन फिरणारा देवचार, म्हणजे गावाची राखण करणारे भूत, पाहिल्याचे शपथेवर सांगणारे भेटतात. त्यांना खोटे ठरवण्याची गरज नाही. काळोखात एकटाच दिवा असला, शेजारी दुसरे काही दिसत नसले, तर स्थिर दिवाही सरकताना भासतो. पहारेकरी असा दिवा माडाच्या किंवा खांबाच्या कडेशी जुळवून पाहतो. तो खरोखर हलत असेल, तरच कड सोडतो.

एक उणीव मात्र उरतेच. अनेक दंडाकार पेशींचे संदेश पुढे एकाच चेतापेशीत मिसळतात. त्यामुळे अंधुक उजेड पकडला जातो, पण बारकावे हरवतात आणि झुडूप कोणते, दबा धरलेला माणूस कोणता, हे ठरत नाही. म्हणून पहाऱ्यावरचा जवान आपल्या टापूतली झुडपे आणि दगड दिवस मावळण्यापूर्वीच हेरून ठेवतो. विहिरीवर ॲल्युमिनियमची कळशी पालथी आहे, हे हवालदारांनी संध्याकाळीच पाहून ठेवले होते.