गोळी सुटण्याआधीचा अर्धा मिलिमीटर

देवळालीच्या रेंजवर तोफा धडाडू लागल्या की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. नाशिककराला त्याचं काही वाटत नाही. ‘सराव चाललाय’ म्हणायचं आणि चहाचा पुढचा घोट घ्यायचा. गोळा किती लांब गेला याची चर्चा होते, पण बार उडण्याआधी तो नळीत नेमका कुठे बसला होता हे कोणी विचारत नाही. खरी गंमत तिथेच आहे, आणि ती रायफलच्या काडतुसात जास्त स्पष्ट दिसते.

काडतूस म्हणजे पितळी केस (पुंगळी), तळाशी दारू पेटवणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. रायफलच्या नळीला आतून पीळदार आटे असतात. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि हवेत कलंडत नाही. पण आटे केसच्या तोंडापासून लगेच सुरू होत नाहीत. आधी थोडी गुळगुळीत जागा असते, तिला नळीचा घसा म्हणू. गोळी केसमधून सुटते, ही फट ओलांडते आणि मग आट्यांत शिरते. परदेशात हाताने काडतुसं भरणारे हौशी नेमबाज या प्रवासाला ‘जंप’ म्हणतात, म्हणजे उडी. गोळी केसमध्ये किती खोल बसवायची यावर ती उडी ठरते. बरेच जण इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या वीस भागांपासून, म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिमीटरपासून सुरुवात करतात. झेरॉक्सचे पाच कागद एकावर एक ठेवून चिमटीत धरा, तेवढी जाडी.

एवढ्याशा फटीने काय फरक पडतो? पावसाळ्यात फुगलेलं दार आठवा. नुसता खांदा टेकवून ढकललं तर हलत नाही, दोन पावलं मागून आलात तर सहज उघडतं. गोळी आट्यांना टेकूनच बसली असेल तर पहिल्या क्षणापासून तांब्याचं आवरण आट्यांनी कोरून घ्यावं लागतं. तेवढ्यात मागे दारूचा वायू साचत जातो आणि दाब चढतो. थोडी फट असेल तर गोळी धाव घेऊन येते, मागची जागा वाढते, दाबाचं शिखर जरा बसकं होतं. ‘.३०८ विंचेस्टर’ काडतुसाला ठरवून दिलेली दाबाची मर्यादा ४१५० बार आहे, म्हणजे हवेच्या दाबाच्या चार हजार पट! तिथे ‘जरा’ या शब्दालाही वजन असतं.

मग गोळी खोलच बसवावी का? तर तसंही नाही. खोल गेलेली गोळी केसमधली दारूची जागा खाते, आणि कमी जागेत तीच दारू जास्त दाब देते. रायफलच्या मोठ्या केसमध्ये हा परिणाम सौम्य असतो. पिस्तुलाच्या चिमुकल्या काडतुसात मात्र तो धोकादायक ठरतो.

मोजतानाही चकवा आहे. गोळीचं टोक प्रत्येक गोळीगणिक थोडं कमी-जास्त असतं, त्यामुळे टोकापासून कॅलिपर (बारीक मापं घेण्याचं साधन) लावला तर उडी कळत नाही. गोळीच्या गोलाईवर आट्यांना पहिल्यांदा भिडणारी जी जागा असते, तिथून मोजावं लागतं. बरं, मापं जुळली तरी मॅगझिन (म्हणजे रायफलमधली काडतुसांची पेटी हो, वाचायचं नव्हे) आडवं येतं, कारण काडतूस त्यात मावायला हवं. ‘.३०८’चं काडतूस ७१.१२ मिलिमीटरपेक्षा लांब नसावं असं मानक आहे. शिवाय वापराने घसा झिजतो, आटे पुढे सरकतात, आणि परवाची अर्ध्या मिलिमीटरची उडी आज तेवढी राहिलेली नसते.

या हौशी मंडळींशी माझं एका बाबतीत पटत नाही. गोळी बसवण्याच्या एका खोलीवर तीन गोळ्या मारायच्या, दुसऱ्या खोलीवर तीन, आणि ज्यांची भोकं जवळजवळ पडली ती खोली ‘सिद्ध’! नाणं तीनदा उडवून तिन्ही वेळा छापा आला, म्हणून नाणं खोटं ठरवावं, तशातला प्रकार. निदान दहा-वीस गोळ्या तरी हव्यात.

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफलचं बारीक काडतूस तर तसंही कारखान्यातूनच भरून येतं. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य जिंकलं ते याच प्रकारच्या रायफलने. काडतूस भरूनच येत असल्यामुळे हे नेमबाज गोळीची खोली बदलत नाहीत, काडतुसांचे लॉट बदलून पाहतात आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट निवडतात. त्यांच्या रायफलींत घसा इतका आखूड ठेवतात की काडतूस आत सारताना गोळी आट्यांत किंचित रुतते. तिथे उडीचा प्रश्नच उरत नाही.

आता परत देवळालीला येऊ. १५५ मिलिमीटरच्या तोफेत गोळा आणि दारू वेगवेगळी भरतात. गोळ्याच्या कमरेला मऊ धातूचा पट्टा असतो. गोळा आत ठासला की हा पट्टा आट्यांत रुतून बसतो. एकदा जोरात आणि एकदा हलक्या हाताने ठासलं, तर गोळ्याची सुरुवात वेगळी, वेग वेगळा आणि पडण्याची जागाही वेगळी. नळी उंच रोखलेली असताना नीट न रुतलेला सुमारे ४३ किलोचा गोळा मागे घसरूही शकतो. आणि नळी झिजली की तो थोडा पुढे जाऊन बसतो, मागची जागा वाढते, वेग घटतो. म्हणून तोफ चालवणारे झिजेची नोंद ठेवतात आणि नेम धरताना तेवढा हिशेब करतात.