घाव नटाला, थरथर मनगटाला

ऑनलाइन दुकानात 'इम्पॅक्ट रेंच', म्हणजे घाव घालून नट सोडवणारी-आवळणारी गन शोधा, दोन आकडे अंगावर येतात. कुठे 98 व्होल्ट, कुठे 1000 न्यूटन-मीटर. घरच्या गाडीच्या चाकाचा नट आवळायला लागतात साधारण 90 ते 130 न्यूटन-मीटर. मग हजाराचं करायचं काय? आणि एवढा जोर खरा असेल, तर गन धरणाऱ्याचं मनगट का मुरगळत नाही?

आधी न्यूटन-मीटरचा अंदाज घेऊ. मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला 10 किलो वजन टांगलं की नटावर 98 न्यूटन-मीटर पीळ, म्हणजेच टॉर्क, पडतो. गाडीबरोबर मिळणारा व्हील पाना समजा 25 सेंटिमीटरचा. 70 किलोचा माणूस त्याच्या टोकावर उभा राहिला तर सुमारे 170. टायरवाल्याने हवेच्या गनने बेफाम आवळलेला आणि वर दोन पावसाळे गंज खाल्लेला नट तेवढ्याला दाद देत नाही. मग पान्याला पाइप लागतो, पाना घसरतो, नटाचे कोपरे झिजतात.

गनमध्ये मोटर आहे, तिच्यापुढे वेग कमी करणारे गिअर आहेत. पण गिअरमधून निघालेला दांडा थेट नटापर्यंत जात नाही, आणि खरी कारागिरी इथेच आहे. दांड्यावर 'व्ही'च्या आकाराच्या तिरक्या खाचा, खाचांत पोलादी छर्रे, छर्‍यांवर बसलेला जाड पोलादी हॅमर, त्याच्या पाठीशी दणकट स्प्रिंग. समोर ऐरण. ऐरणीला दोन कान असतात आणि तिचं चौकोनी टोक बाहेर येतं, त्यावर आपण गोटी, म्हणजे नटावर बसणारा सॉकेट, चढवतो.

नट सैल आहे तोवर हॅमर आणि ऐरण जोडीने फिरतात. नट अडला की ऐरण थांबते, मोटर मात्र दांडा फिरवतच राहते. छर्रे खाचेतून सरकतात, हॅमर मागे ओढला जातो, स्प्रिंग दबते. हॅमरचे दात ऐरणीच्या कानांवरून सुटले रे सुटले की स्प्रिंग त्याला पुढे लोटते, आणि खाच तिरकी असल्यामुळे तो पुढे येता येता आणखी जोरात फिरतो. अर्धा फेरा मोकळा पळून दुसऱ्या कानावर आदळतो. मिनिटाला 3000च्या आसपास घाव. ड्रिलचा 'हॅमर' मोड हा नव्हे. तो बिटच्या रेषेत पुढे ठोकतो, काँक्रीटसाठी. इथला घाव फिरण्याच्या दिशेने बसतो.

आता थोडं गणित. हॅमर 400 ग्रॅमचा, 5 सेंटिमीटर व्यासाचा भरीव ठोकळा धरू. त्याचं जडत्व आघूर्ण (फिरवायला-थांबवायला होणारा विरोध) 0.000125. मिनिटाला 2000 फेरे म्हणजे सेकंदाला 209 रेडियन. गुणाकार केला की कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठलेला झोक, आला: 0.026. हा संवेग किती वेळात थांबतो, त्यावर पीळ ठरतो. सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागात थांबला तर 0.026 भागिले 0.0001, म्हणजे 260 न्यूटन-मीटर. आणि हाताला? सेकंदाला असे 50 घाव. 50 गुणिले 0.026 म्हणजे सरासरी 1.3 न्यूटन-मीटर. हॅमरची उसळी धरली तरी दोन-तीन. बरणीचं घट्ट झाकण उघडताना आपण एवढा पीळ सहज देतो. मोटर संवेग हप्त्याहप्त्याने गोळा करते, हॅमर तो एकरकमी चुकता करतो. मेख दाबून जमिनीत जात नाही, मोगरीने ठोकली की जाते, तसंच.

याच हिशोबात हॅमरला थांबायला दहापट वेळ लागला तर पीळ 26 न्यूटन-मीटरवर येतो. गन तीच, बॅटरी तीच. थांबायला वेळ का लागेल? मध्ये काहीतरी लवचिक आलं म्हणून. लांब एक्स्टेन्शन, वळणारा जॉइंट, सैल बसलेली गोटी, अर्ध्या इंचावरून तीन-अष्टमांशावर उतरवणारा अडॅप्टर, हे सगळे घावागणिक थोडे पिळतात आणि त्याची धार खातात. म्हणून गोटी थेट ऐरणीवर, शक्य तितकी आखूड. हीच खोड मुद्दाम वापरली की झाली टॉर्क स्टिक: ठरावीक जाडीची लवचिक दांडी, जी एका मर्यादेनंतर घाव पुढे जाऊ देत नाही. आणि म्हणूनच गनच्या खोक्यावरचा 'जास्तीत जास्त टॉर्क' हा गनचा गुणधर्म नव्हेच. तो गन, गोटी आणि बोल्ट या तिघांचा मिळून असतो. अनेकदा तर तो फक्त नट सोडवतानाचा, 'नट-बस्टिंग' आकडा असतो.

व्होल्टचा तमाशा याहून सोपा आहे. लिथियम सेल सरासरी 3.6 व्होल्टचा, पूर्ण भरला की 4.2. असे पाच ओळीत लावले की 18 किंवा 21, लेबल छापणाऱ्याच्या मर्जीवर. गनवर 48, 88, 98 काहीही लिहिलेलं असो, चार्जरवरचं 'आउटपुट' वाचा. तिथे 21 असेल तर आत ओळीने पाचच सेल आहेत. पाहायचे ते अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते. एका सेलचा आंतरिक रोध 20 मिलिओहम धरला तर पाचांचा 100. घाव घालताना 40 अँपिअर ओढले की 4 व्होल्ट आतच जिरले. दहा सेलच्या, म्हणजे 4 किंवा 5 अँपिअर-अवरच्या बॅटरीत दोन समांतर ओळी असतात, तिथे 2च व्होल्ट जातात. मोठी बॅटरी जास्त वेळ चालते हे खरंच, पण हॅमरही जोरात फिरतो.

तर घरच्या कारसाठी: अर्धा इंची चौकोन, ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर, ओळखीच्या कंपनीची सोडवण्याची क्षमता 300 ते 450 न्यूटन-मीटर, बॅटरीसकट वजन अडीच किलोच्या आत, किमान तीन वेग. हवेची गन स्वस्त आणि चिवट, पण तिला 90 पीएसआयला भरपूर हवा सलग लागते. एक-दोन हॉर्सपॉवरचा घरगुती कॉम्प्रेसर पाच-सात सेकंदांत दमतो, आणि टायरमध्ये हवा भरायच्या 12 व्होल्टच्या डबीवर ती चालतच नाही.

गोट्या काळ्याच घ्या, क्रोम-मॉलिब्डेनमच्या, सहा कोनी. चकचकीत क्रोम-व्हॅनेडियमची गोटी जास्त कडक, म्हणून ठिसूळ. घावाने तिची कपची उडते. बहुतेक गाड्यांना 17, 19 आणि 21 मिलिमीटर पुरतात. अलॉय व्हीलच्या भोकात शिरायला पातळ भिंतीची, वरून प्लॅस्टिकचं आवरण असलेली गोटी लागते. डोळ्यांना चष्मा, कानात बोळे.

स्कूटरच्या व्हेरिएटरचा (बेल्टच्या पुढच्या पुलीचा) किंवा क्लचचा नट हे गनचं खास काम. पान्याने सोडवायचं तर दांडा धरून ठेवायला वेगळं हत्यार लागतं. घाव मात्र इतका क्षणिक, की दांडा फिरायच्या आत नट सुटतो. पण इंजिनच्या कव्हरचे 8 मिलिमीटर गोटीचे बोल्ट 10-12 न्यूटन-मीटरचे आणि आटे अॅल्युमिनियमचे. तिथे गन लावली की बोल्टबरोबर आटेही बाहेर.

नट दहा सेकंदांत हलला नाही तर थांबा. गंजावर झिरपणारं तेल सोडा, अर्धा तास जाऊ द्या, मग क्षणभर आवळायच्या दिशेने घाव देऊन पुन्हा सोडवा. चाक बसवताना आट्यांवरचं हे तेल पुसून टाका. नट आधी हातानेच तीन-चार फेरे घाला. तिरका बसलेला आटा गनला कळत नाही, ती खुशाल फाडत जाते. मग सर्वांत कमी वेगावर, समोरासमोरच्या क्रमाने, नट टेकेपर्यंतच. चाक जमिनीवर टेकवून शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने (ठरवलेला पीळ आला की कळवणारा पाना), गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला, आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

एवढा काटेकोरपणा का, तर 12 मिलिमीटरच्या स्टडवर (चाकाचा नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) कोरडा नट 100 न्यूटन-मीटरला आवळला की स्टडमध्ये ताण येतो सुमारे 42 हजार न्यूटन, म्हणजे सव्वाचार टन. तेल लागलं तर तेवढ्याच पिळात त्याहून बराच जास्त, कारण एरवी दहातला नऊ भाग पीळ घर्षणात जातो. गनने 300 दिले तर हिशोबाने पावणेतेरा टन, आणि 10.9 ग्रेडचा (ही मजबुतीची खूण) बारीक आट्यांचा स्टड नऊ टनांच्या आतच कायमचा ताणला जातो. तो त्या दिवशी तुटला नाही, तरी नंतर कधीतरी रस्त्यात तुटू शकतो. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडणारे लोक त्याच चाकाचे नट कितीला आवळलेत हे विचारत नाहीत!

क्लिक होणारा टॉर्क रेंच काम झाल्यावर सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याहून खाली नाही. आतली स्प्रिंग दाबलेली राहिली की हळूहळू बसते, आणि 100चा क्लिक मग 100ला होत नाही.