चॉकलेटवरचा पांढरा थर बुरशीच असतो का?

‘चॉकलेटवर पांढरा थर दिसला की ती बुरशी, मुलांना अजिबात देऊ नका’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे. पण बहुतेक वेळा तो थर कोकोमधल्या स्निग्धांशाचाच असतो.

या स्निग्धांशाचे, म्हणजे कोको बटरचे, तेच रेणू सहा निरनिराळ्या रचनांत गोठू शकतात. खाण एकच असली तरी चिरे कसे रचले यावर भिंतीची मजबुती ठरते, तसेच हे. पहिल्या रूपातले स्फटिक साधारण १७ अंशांना वितळतात, तर चकचकीत, कटकन तुटणाऱ्या चॉकलेटातले पाचवे रूप ३४ अंशांच्या आसपास. मे महिन्यात मडगावहून काणकोणला स्कूटरच्या डिकीतून नेलेले चॉकलेट वितळते, घरी फ्रीजमध्ये पुन्हा गोठते. यावेळी रचना हवी तशी जमत नाही, स्निग्धांश वर येतो आणि पांढुरका दिसतो. चव, पोत उतरतात. विष होत नाही. औषधांत मात्र हा फरक गंभीर ठरतो: १९९८ मध्ये रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाचे कमी विरघळणारे स्फटिक तयार झाले आणि त्याच्या कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या.

घरी पाहायचे तर थरावर बोट टेकवून ठेवा. उबेने तो वितळून नाहीसा झाला तर स्निग्धांश. खरखरीत लागला आणि पाण्याच्या थेंबात विरघळला तर ओलाव्याने वर आलेली साखर. बुरशी केसाळ असते, कुबट वास येतो. साध्या चॉकलेटात पाणी फारच कमी, त्यामुळे ती सहसा धरत नाही. मलई किंवा फळांचे सारण भरलेल्यात धरू शकते, आणि ते मात्र टाकूनच द्यावे.