इराण्याच्या हॉटेलातली चाहूल

मुंबईतल्या जुन्या हॉटेलांच्या भुतांचे ठरलेले प्रकार असतात. रिकाम्या माळ्यावर पावलं वाजतात. आरशात कुणीतरी दिसून जातं. शटर ओढून आतच झोपणाऱ्या पोऱ्याच्या छातीवर रात्री कुणी येऊन बसतं. हे सांगणारी माणसं थापा मारत नाहीत. त्यांना आलेला अनुभव खरा असतो, प्रश्न त्याच्या कारणाचा आहे. आणि त्यातलं एक कारण जिवावर बेतणारं असल्यामुळे ‘भास झाला असेल’ म्हणून विषय सोडून देणं मला पटत नाही.

पावलांचं कोडं त्यातल्या त्यात सोपं. दिवसभर भटारखाना तापलेला असतो, वर माणसांची ये-जा असते. रात्री भट्टी विझली की पत्रे आणि लोखंडी तुळया थंड होऊन आकसतात. सागवानी फळ्या हवेतल्या दमटपणानुसार फुगतात आणि सुकतात. सांध्यात साठलेला ताण एकदम सुटत नाही. एक सांधा सरकतो, थोड्या वेळाने पुढचा. म्हणून जिन्यावरून कुणी सावकाश चढत असल्यासारखं वाटतं. दिवसाही हे आवाज होतातच, पण कपबशांच्या खणखणाटात ते ऐकू येत नाहीत.

आरशाची गोष्ट जास्त रंजक आहे. इराणी हॉटेलांत भिंतीभर बेल्जियन आरसे असतात. गल्ल्यावर बसल्या जागेवरून मालकाला सगळी टेबलं त्यांत दिसतात. इटलीतले मानसशास्त्रज्ञ जिओव्हानी कापुतो यांनी 2010 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 50 जणांना अंधुक उजेडात आरशासमोर बसवून दहा मिनिटं स्वतःच्या चेहऱ्याकडे बघायला सांगितलं. 66 टक्के लोकांना आपला चेहरा भयंकर बदललेला दिसला, तर 48 टक्के लोकांना चित्रविचित्र, राक्षसी आकृती दिसल्या. एकाच बिंदूवर नजर खिळली की आजूबाजूचं न बदलणारं दृश्य मेंदू हळूहळू पुसून टाकतो. चेहऱ्याचे तुकडे गायब व्हायला लागतात आणि मेंदू त्या जागा स्वतःच्या अंदाजाने भरतो. रात्री दिवे घालवून एकच बल्ब जळत ठेवलेल्या हॉटेलात हाच प्रयोग आपोआप मांडला जातो.

छातीवर बसणाऱ्याचं काय? स्वप्नं पडणाऱ्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातली पळापळ अंथरुणातच केली असती. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू मागे राहतात. डोळे उघडे, शरीर जखडलेलं, छातीवर दाब, आणि खोलीत कुणीतरी असल्याची पक्की खात्री. जागरण, झोपेच्या अनियमित वेळा आणि उताणं झोपणं यामुळे हे जास्त घडतं. मध्यरात्री टेबलं पुसून पहाटेच्या पावासाठी उठणाऱ्या पोराच्या वाट्याला यातलं बरंच काही येतं.

पण त्याच पोराच्या उशाशी विझत आलेली कोळशाची भट्टी असेल, तर तिथे थांबून विचार करायला हवा. 1921 साली अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी एका कुटुंबाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. जुन्या घरात राहायला गेल्यावर त्यांना पावलं ऐकू यायला लागली, अनोळखी माणसं दिसायला लागली, झोपेत कुणीतरी दाबून धरतंय असं वाटायला लागलं. मुलं फिकुटली, कुंडीतली झाडंही मरू लागली. अखेर तळघरातली भट्टी तपासली, तेव्हा तिचा धूर धुराड्यातून वर न जाता घरात शिरत असल्याचं आढळलं. भट्टी दुरुस्त झाली आणि भुतं थांबली.

ही भुतं उभी करत होता तो धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि मेंदूची उपासमार सुरू होते. निखाऱ्यावर राख चढली की भट्टी विझली असं वाटतं, पण वायू निघतच असतो. सकाळी आत झोपलेल्या सगळ्यांचंच डोकं ठणकत असेल, मळमळत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटत असेल, तर मांत्रिकाकडे जाण्यात वेळ घालवू नये. त्या जागेत पुन्हा झोपू नये आणि डॉक्टरला कोळशाबद्दल आधी सांगावं.

कानाला ऐकू न येणाऱ्या खर्जातल्या कंपनांमुळेही भूत दिसतं, असं हल्ली खूप वाचायला मिळतं. त्याचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. तिथले अभियंते विक टँडी यांनी प्रयोगशाळेतल्या भुताचा माग काढत एका पंख्याच्या सुमारे 19 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला एकोणीस वेळा होणाऱ्या, कंपनापर्यंत मजल मारली होती आणि 1998 साली ते प्रसिद्ध केलं. गोष्ट सुंदर आहे, पण पुरावा तोकडा पडतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका प्रयोगात 79 जणांना खास बांधलेल्या खोलीत सोडलं होतं. अनेकांना विचित्र अनुभव आले, मात्र कंपनं किंवा चुंबकीय क्षेत्र चालू आहे की बंद, याने फरक पडला नाही. इथे काहीतरी जाणवू शकतं, एवढं त्यांना आधी सांगितलेलं होतं. बहुतेक काम त्या वाक्यानेच केलं असावं.

हॉटेलांचंही तसंच होतं. ताजमहाल हॉटेलचा इंग्रज वास्तुविशारद इमारत उलटी बांधली गेल्याचं पाहून खाली उडी मारून मेला आणि आजही तिथे फिरतो, ही दंतकथा अनेकांनी ऐकली असेल. त्या आत्महत्येला इतिहासात आधार नाही. 1903 साली हॉटेल उघडलं तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हतं, ते 1924 साली पुरं झालं. घोडागाड्या शहराच्या बाजूने यायच्या, म्हणून दार तिकडे, आणि खोल्यांना समुद्र. आराखडा मुळात सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा होता. वैद्य काम पुरं होण्याआधीच वारले आणि मग इंग्रज डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेलं. भूत चिकटलं ते चेंबर्स यांना. वैद्यांचं नाव मात्र दंतकथा सांगणाऱ्या कितीतरी मुंबईकरांच्या कानावरही आलेलं नसतं.